पैसे पाण्यातच घालायचे असतील तर

पंप केवढा घ्यायचा आणि तलावासाठी आणखी काय काय घेऊन ठेवायचं, असं तुम्ही फोनवर विचारलंत म्हणून सांगते. घरी पोहायचा तलाव बांधून झाला, पाणी भरलं, पहिला आठवडा सगळ्यांनी मनसोक्त डुंबून घेतलं, की मालकाचा फोन येतोच: "आता काय काय घेऊन ठेवू?" आमच्याकडे तलाव आहे त्याला बारा वर्षं झाली, त्यामुळे ओळखीतून ही चौकशी माझ्या दारी येते. (पूल म्हटलं की मला नदीवरचा आठवतो, म्हणून मी तलावच म्हणते.) हल्ली मीच उलट विचारते, "काय काय घेऊन झालंय?" मग यादी ऐकू येते. रंग बदलणारे दिवे, पाण्यावर तरंगणारा स्पीकर, फुगवायचा राजहंस, आणि 'हे लागतंच' म्हणून कुणीतरी गळ्यात मारलेल्या सहा-सात बाटल्या. पाणी तपासायला? "पट्ट्या आहेत ना." कुंपण? "बघू, पुढे कधीतरी."

कुंपणाला 'पुढे कधीतरी' चालत नाही. खर्चाच्या यादीत ते एक नंबरला, आणि तेही चारही बाजूंनी. लोक तीन बाजूंना कुंपण घालतात आणि चौथी बाजू म्हणून घराची भिंत धरतात. म्हणजे मागचं दार उघडं राहिलं की त्या तिन्ही बाजू असून नसल्यासारख्या. उंची निदान 1.2 मीटर हवी. फाटक बाहेरच्या बाजूला उघडणारं, सोडलं की आपसूक मिटणारं आणि कडी आपसूक लागणारं हवं, आणि ती कडी लहान मुलाच्या हाताला येता कामा नये. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, आपण दोन हातांवर बसलेलो असलो तरी कळत नाही. पाण्यात काही पडलं की वाजणारे भोंगे मिळतात, ते जरूर घ्या, पण कुंपणाच्या जोडीला. कुंपणाऐवजी नव्हे.

तलाव जुना असेल तर तळाच्या जाळीचं झाकणही बदला. पंपाची ओढ सपाट जाळीवर माणसाला अशी धरून ठेवते की मोठ्या माणसालाही सोडवता येत नाही. अमेरिकेत 2002 मध्ये व्हर्जिनिया ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी अशीच अडकून गेली, आणि 2007 मध्ये तिच्या नावाने तिथे सुरक्षित झाकणांचा कायदा झाला. वस्तू छोटीशी असते. तिला तडा गेलेला दिसला तर झाकण बदलेपर्यंत कुणाला पाण्यात उतरू देऊ नका.

आता पाण्याकडे. इथे माझं मत ठाम आहे: पाणी सुधारणाऱ्या बाटल्यांआधी पाण्यात काय आहे ते सांगणारी पेटी घ्या. थेंबांची तपासणी पेटी, पट्ट्या नव्हेत. हे शहाणपण मी फुकट मिळवलेलं नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात आमचं पाणी हिरवं पडलं. पट्टी बुडवली तर क्लोरीन 'ठीक' दाखवत होती. मी शेवाळनाशक ओतलं. दोन दिवसांनी पाणी निवळवणारं द्रावण ओतलं. मग आणखी भारी शेवाळनाशक. पाणी मटकीच्या उसळीच्या रश्श्यासारखं दिसायला लागलं, आणि तरी मी दुकानाच्या फेऱ्या मारतच होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय. शेवटी एका परिचिताने स्वतःची पेटी आणून माझ्यासमोर बसून सायन्युरिक ॲसिड, म्हणजे क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं रसायन, मोजलं.

ती चाचणी बघण्यासारखी असते. तलावाचं पाणी आणि एक द्रावण सारख्या मापाने मिसळलं की मिश्रण दुधाळ होतं. एका उभ्या नळीच्या तळाशी काळा ठिपका असतो. वरून बघत बघत ते दुधाळ पाणी हळूहळू नळीत ओतायचं, आणि ठिपका दिसेनासा झाला की थांबून नळीवरचा आकडा वाचायचा. आकडे वरून खाली वाढत जातात, म्हणजे ठिपका जितक्या लवकर बुडेल तितकं ॲसिड जास्त. आमचा ठिपका सगळ्यांत खालच्या, म्हणजे 100 च्या खुणेपर्यंत पाणी पोचायच्या आधीच गायब. मग निम्मं साधं पाणी घालून पुन्हा मोजलं, 80 आलं. म्हणजे खरा आकडा 160. असायला हवा होता 30 ते 50.

घोडं तिथे पेंड खात होतं. सायन्युरिक ॲसिड वाईट नाही. उघड्यावरच्या तलावात ते नसेल तर ऊन काही तासांत बहुतेक क्लोरीन उडवून लावतं. पण तेच जास्त झालं की क्लोरीनला असं धरून बसतं की पट्टीवर आकडा दिसतो आणि काम होत नाही. आणि आम्ही दोन वर्षं ज्या गोळ्या तरंगत्या डब्यात टाकत होतो, त्या ट्रायक्लोरच्या. त्यातून 10 पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग) क्लोरीन मिळालं की साधारण 6 पीपीएम सायन्युरिक ॲसिडही पाण्यात उतरतं. क्लोरीन वापरलं जातं, ॲसिड मागे राहतं. पाण्याची वाफ होते, ॲसिड तरीही मागेच राहतं. त्याला घालवायचा साधा उपाय एकच, पाणी बदलणं. निम्मं पाणी काढून नवं भरलं तेव्हा कुठे 80 वर आलो. (तलाव पूर्ण रिकामा मात्र स्वतःच्या मनाने करू नका. आजूबाजूच्या जमिनीत पाणी वर असेल तर रिकामा हौद होडीसारखा उचलला जाऊ शकतो.) तेव्हापासून आम्ही रोजच्याला द्रव क्लोरीन वापरतो आणि गोळ्या फक्त गावाला जाताना.

क्लोरीनचीही तीच गोष्ट. पेटीत 10 मिली पाणी घेऊन पूड टाकली की ते गुलाबी होतं. मग एकेक थेंब मोजत टाकायचा, गुलाबी रंग पार जाईपर्यंत. एक थेंब म्हणजे अर्धा पीपीएम. सात थेंब लागले, तर साडेतीन. इथे 'फिकट जांभळा की गडद जांभळा' हा नवरा-बायकोतला वाद उरत नाही. पुढे दुसऱ्या द्रावणाचे थेंब टाकले आणि पाणी पुन्हा गुलाबी झालं, तर त्यात क्लोरामाइन आहे. ज्याला आपण 'क्लोरीनचा वास' म्हणतो तो बहुतांशी याचाच असतो: घाम, लघवी आणि क्लोरीन यांचं मिळून झालेलं. वास आला की लोक म्हणतात क्लोरीन जास्त झालं. बऱ्याचदा ते कमी पडलेलं असतं.

पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल हे सांगणारा आकडा, 7.2 ते 7.8 मध्ये ठेवा. 7.5 ला मोकळ्या (म्हणजे क्लोरामाइन न झालेल्या) क्लोरीनपैकी साधारण निम्मं जंतू मारण्याच्या तयारीत असतं, 8 ला जेमतेम पाव. पेटीतली द्रावणं वर्षाच्या वर ठेवू नका, आणि ठेवायची तर सावलीत. माझी एक पेटी पंपाशेजारी उन्हात राहिली, आणि नंतर महिनाभर ती मला धादांत खोटं सांगत होती.

पुढची खरेदी आवरणाची. त्याआधी एक चाचणी करा, जिला काहीच विकत घ्यावं लागत नाही. आमची पातळी रोज उतरायला लागली तेव्हा तिघांनी छातीठोकपणे सांगितलं, गळती आहे, फरशी फोडा. मी घरातली बादली तलावाच्या पाण्याने भरून पायरीवर ठेवली, आतल्या आणि बाहेरच्या पाण्याच्या पातळीला पेन्सिलने खूण केली आणि पंप बंद करून चोवीस तास सोडून दिली. बाहेरचं पाणी जास्त उतरलं असतं तर गळती. दोन्ही सारखंच उतरलं होतं. सगळं वाफ होऊन चाललं होतं. आमचा तलाव 8 मीटर बाय 4, म्हणजे पातळी 1 सेंटिमीटर उतरली की 320 लिटर गेले. वर वाफेबरोबर ऊबही जाते. उघड्या तलावाची उष्णता सर्वांत जास्त याच वाटेने निसटते.

बुडबुड्यांचं आवरण पुरतं. बुडबुडे पाण्याकडे, सपाट बाजू वर. हे लिहावं लागतं कारण आम्ही एक अख्खा मोसम उलटं घातलं होतं. पण आवरण घ्याल तर गुंडाळायचा रूळही त्याच दिवशी घ्या. रूळ नसला की ते ओलं, जड, निसरडं धूड दोघांनी धरून घडी करायचं, आठवडाभर उत्साह टिकतो आणि मग ते कोपऱ्यात पडून पिचतं. पोहताना आवरण पूर्ण काढायचं, अर्धं नाही. आणि ते माणसाचं वजन पेलत नाही. मूल त्यावर चढलं तर खाली अडकेल. कुंपणाचं मी उगाच आधी नाही सांगितलं.

दांडी, जाळी, ब्रश: यांत कंजूषपणा करू नका. स्वस्त लांबणाऱ्या दांडीची खिट्टी दुसऱ्या महिन्यात सुटते आणि दांडी ऐन पानगळीत हातात आपोआप आखडायला लागते. जाळी उथळ ताटलीसारखी नको, खोल पिशवीची घ्या. ब्रश विनाइल किंवा फायबरग्लासला नायलॉनचाच. पोलादी तारेचा फक्त प्लास्टरच्या भिंतीला. आणि पाणी ओढून घेणाऱ्या खणातल्या टोपलीवर चढवायचे पातळ मोजे मिळतात, ते भरपूर आणून ठेवा. परागकण, केस, किडे सगळं त्यात अडकतं आणि फिल्टर वाचतो. इतक्या क्षुल्लक वस्तूने इतकं काम केलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही.

तशीच क्षुल्लक वस्तू म्हणजे पंपाच्या झाकणाचं रबरी कडं. एकदा आमच्या तोट्यांमधून पाण्याबरोबर बुडबुडे यायला लागले. आलेल्या कारागिराने पंप कामातून गेल्याचं सांगून नव्याचा हिशेबही मांडला. तो गेल्यावर मी झाकण उघडलं. कड्यावर एकच लांब केस आडवा पडला होता, बहुधा माझाच, आणि तिथून पंप हवा ओढत होता. कडं पुसलं, सिलिकॉनचं ग्रीस लावलं, बुडबुडे बंद. तेव्हापासून एक जादा कडं आणि ग्रीसची ट्यूब कपाटात असते. पेट्रोलियम जेली लावू नका, बऱ्याच जातीचं रबर त्याने फुगतं.

मिठाच्या यंत्राबद्दलही विचारतात. चांगलं असतं, पण गैरसमज नको: ते मिठापासून क्लोरीनच बनवतं. म्हणजे तपासणी सुटत नाही, उलट पीएच सारखा वर सरकतो आणि काही वर्षांनी त्यातला मुख्य भाग बदलावा लागतो. स्वयंचलित सफाई यंत्र घेतलं तर हरकत नाही, मी सहाव्या वर्षी घेतलं आणि पस्तावले नाही. पण भिंती आणि कोपरे तरी हातानेच घासावे लागतात.

घेऊ नका असं काय? तांब्याचं शेवाळनाशक. पिंगट केस हिरवे होतात ते तांब्याने, आणि नाव उगाच क्लोरीनचं होतं. 'अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवायची पाण्याची ताकद) वाढवणारं' म्हणून विकतात तो बहुतेक डब्यांमध्ये निव्वळ खायचा सोडा असतो. पाठीवरची बारीक अक्षरं वाचा. 10,000 लिटरला साधारण 170 ग्रॅम सोड्याने अल्कलिनिटी 10 पीपीएम वाढते, 80 ते 120 मध्ये राहिली म्हणजे झालं. त्या वाचलेल्या पैशांत चष्मा, हातमोजे आणि प्रत्येक रसायनाला वेगळं माप घ्या. ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट (तेही क्लोरीनच, पण वेगळ्या जातीचं) एका मापातून काढलं तर मापाला चिकटलेल्या पुडीनेही पेट घेऊ शकतं. ॲसिड आणि क्लोरीन शेजारी ठेवू नका. आणि नेहमी रसायन पाण्यात, पाणी रसायनात कधीच नाही.

हो, काठाला अडकवायची तरंगती पायवाट मात्र घ्या. बेडूक, खार, सरडे पाण्यात पडले की गुळगुळीत भिंतीवर चढता येत नाही, रात्रभर फेऱ्या मारतात आणि सकाळी टोपलीत मेलेले सापडतात. पायवाट लावल्यापासून टोपली रिकामी. पहाटे लवकर गेलात तर एखादा त्यावर बसून दम खाताना दिसतो.

राहिला पंपाचा प्रश्न, जो खरं तर तुमच्या फोनमध्ये पहिला होता. वेग बदलता येणारा घ्या, एवढं आत्ताच सांगते. वेग निम्मा केला की पाणी निम्मं फिरतं, पण वीज साधारण आठव्या हिश्शावर येते. म्हणजे दुप्पट वेळ चालवूनही फायद्यात. पण केवढा घ्यायचा ते तलाव किती लिटरचा हे कळल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि तो आकडा तुम्हाला माहीत नाही असं तुम्हीच म्हणालात. टेप घ्या. लांबी, रुंदी, उथळ आणि खोल बाजूची खोली मोजा, दोन्ही खोल्यांची सरासरी काढा, तिन्ही आकडे मीटरमध्ये गुणा आणि हजाराने गुणा. आमचे 8, 4 आणि 1.4, म्हणजे 44,800 लिटर. तुमचा आकडा कळवा, मग बोलू.