खालचा कप्पा, डावीकडे

आमच्याकडे फ्रिज दोन. नवा दोन दारांचा, स्वयंपाकघरात मिरवणारा. जुना एकदारी, १६५ लिटरचा, लेक शाळेत असताना घेतलेला. त्याची रवानगी पॅसेजमध्ये झाली. नवरा दर दिवाळीत त्याला भंगारात काढायचं म्हणतो आणि दर दिवाळीत मी त्यात काय काय आहे त्याची यादी म्हणून दाखवते. वर्षाचा गोडा मसाला, उडदाचं पीठ, कोकमं, चिंचेचा गोळा, गावाहून आलेले काजू आणि सासूबाईंच्या हातचं लिंबाचं लोणचं. सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली. लोणचं शाईसारखं काळं झालंय. कुणाला मळमळलं की बोटभर मिळतं, एरवी त्या बरणीला हात लावायचा नाही. यादीतलं शेवटचं नाव मी जरा घाईघाईने उरकते: खालचा कप्पा, डावीकडे, राजापुरी पंचात गुंडाळलेली एक बाटली.

चार होत्या. एक उरली.

वाइन जपून ठेवायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते ‘जुनी तेवढी चांगली’ या ऐकीव ज्ञानावर. २०१२ साली नाशिकला गेलो होतो, तिथून एक पांढरी वाइन आणली आणि लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला उघडू म्हणून माळ्यावर ठेवून दिली. चार वर्षं. आमचा माळा न्हाणीघरावर, त्याच्या पोटाशी गीझर. वरून गच्चीचं ऊन, खालून गीझरची धग, शेजारी पितळी पातेली. काढली तेव्हा बूच अर्धा इंच वर आलं होतं आणि ग्लासात पडलं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं काहीतरी. वास सडक्या सफरचंदाचा. नवऱ्याने ग्लास उजेडात धरला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘‘तीस वर्षांत आपलंही असंच झालंय का गं?’’

दोष बाटलीचा नव्हताच. जगात होते त्यातली बहुतेक वाइन वर्ष-दोन वर्षांत पिऊन टाकायलाच केलेली असते, आणि मी आमरस चार वर्षं माळ्यावर ठेवला होता. नाशिकची शेनिन ब्लां द्राक्षाची वाइन मला आवडते, पण ती त्या-त्या सालची. तेच द्राक्ष फ्रान्सच्या लुआर नदीकाठी वूव्रेला लावलं की त्याची वाइन पन्नास वर्षंही टिकते म्हणतात. माती निराळी, थंडी निराळी, तिथल्या द्राक्षाचा आंबटपणा निराळा. या आंबटपणापाशी माझी गाडी पुढे अडकली.

२०१७ च्या नोव्हेंबरात लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही सिडनीला गेलो. डिंकाचे लाडू, आळीव, बाळंतशेपा, सगळं साग्रसंगीत. तीन महिने नॅपी आणि धुरी यांत गेले. परतायच्या आठवड्यात जावई म्हणाले, ‘‘आई, एक दिवस तुम्ही दोघं माझ्याबरोबर चला.’’ सिडनीच्या उत्तरेला दोनेक तासांवर हंटर नावाचं खोरं आहे, तिथे घेऊन गेले. मला वाटलं होतं, वाइनचा मुलूख म्हणजे थंडगार टेकड्या. गाडीतून उतरले तर ऊन, घाम, दमट हवा आणि आभाळात ढग! मेअखेरचं ठाणं आठवलं.

तिथे पहिल्यांदा सेमिलॉन प्यायले. हे द्राक्षाचं नाव. मूळचं फ्रान्समधल्या बोर्दोचं, तिथे त्याच्यापासून प्रसिद्ध गोड वाइन करतात. फ्रेंच लोक त्याला ‘सेमियाँ’ म्हणतात. मी ठाण्यात एका दुकानात हा उच्चार मोठ्या ऐटीत करून पाहिला, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘‘सेमिया शेजारी वाण्याकडे.’’ तेव्हापासून मी निमूट सेमिलॉन म्हणते.

तर ती चव. तिथल्या बाईंनी आधी नव्या सालची दिली. जवळजवळ पाण्याच्या रंगाची, लिंबाची साल नखाने खरवडल्यासारखा वास आणि जिभेच्या दोन्ही कडा आवळून टाकणारी. गोडी नावाला नाही. (ड्राय वाइन म्हणतात ती हीच, आमच्या भिशीत एकीने विचारलं होतं, कोरडी असते तर ओतता कशी?) मग त्यांनी दुसऱ्या ग्लासात त्याच बागेची दहा-बारा वर्षांची ओतली. पिवळी, ओल्या हळदीच्या आतल्या रंगाची. वास आला आणि मी थेट आईच्या स्वयंपाकघरात. लोणी कढताना अगदी शेवटी, बेरी तांबूस होते त्या क्षणीचा वास. त्यात मध. त्याच्या मागे कोरड्या घोंगडीचा. हसू नका, जाणकारही लोकरीतल्या तेलाचंच नाव घेतात, फक्त त्यांनी घोंगडी पाहिलेली नसते.

मी विचारलं, ही लाकडी पिंपात ठेवली होती का? नाही. लाकडाचा संबंधच नाही, स्टीलची टाकी आणि मग बाटली. खरपूसपणा आला तो बाटलीत, अंधारात, नुसत्या पडून राहण्याने.

याचं कारण मला त्या ढगांत सापडलं. हंटरमध्ये द्राक्ष काढणीच्या सुमाराला पाऊस येतो. घड भिजले की कुजतात. म्हणून तिथले बागायतदार सेमिलॉन लवकर तोडतात, जानेवारीच्या अखेरीस-फेब्रुवारीत, साखर पुरती भरायच्या आत. साखर कमी म्हणून मद्यार्कही कमी, दहा-अकरा टक्के. पण आंबटपणा शाबूत. वाइन जितकी आंबट तितकी हवेने बिघडायला नाखूश, आणि त्यात टिकण्यासाठी घालतात ते थोडंसं गंधकही आंबटात जास्त काम करतं. आता हे कुणा मराठी बाईला समजावून सांगायला नको. पिकलेला आंबा चार दिवसांचा, कैरी वर्षाची. लोणच्याला आपण पाडाचा आंबा घेत नाही, दात आंबवणारी कडक कैरी घेतो. फरक इतकाच, की कैरीला आपण मीठ, मोहरी, तेल असा फौजफाटा देतो. ही बिचारी एकटीच मुरते.

बाटली २५ डॉलरला होती, तेव्हाचे साडेबाराशे रुपये. जुनी अर्थातच महाग. बँकेत आयुष्य गेलेल्या बाईला हा हिशेब कळायला वेळ लागत नाही: तरुण घ्यायची आणि व्याज आपण लावायचं. माणशी दोन लिटरपर्यंत आणता येते, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन-दोन. चारही २०१७ च्या. परतीच्या विमानात मी बोटं मोजली, तेव्हा लक्षात आलं की ही द्राक्षं तोडली त्याच फेब्रुवारीत लेकीला दिवस गेले होते. जावयांना हे सांगितलं नाही.

आता ठेवायची कुठे? पुस्तकी उत्तर: तळघर, बारा-तेरा अंश, अंधार, हादरे नकोत. ठाण्यात तळघर म्हणजे पार्किंग आणि पार्किंग म्हणजे जुलैत पाणी. मी पाचपाखाडीच्या आमच्या घरात थर्मामीटर घेऊन हिंडले. दिवाणाखाली एकतीस, कपाटात बत्तीस, देवघराखालच्या खणात तीस (देवाची कृपा एवढीच). रसायनशास्त्राचा ठोकताळा असा, की दहा अंशांनी तापमान वाढलं की क्रिया साधारण दुपटीने धावते. दिवाणाखाली ठेवली असती तर वाइन मुरली नसती, शिजली असती. मग जुन्या फ्रिजकडे लक्ष गेलं. बटण सगळ्यात कमी थंडीवर आणून ठेवलं की खालच्या कप्प्यात दहा-अकरा अंश राहतात. मसाल्याच्या वासाची भीती होती, पण या बाटल्यांना बूच नाही, आट्यांचं झाकण आहे. ऑस्ट्रेलियात आता बहुतेक ठिकाणी तेच. बूच असलेली बाटली आडवी ठेवावी लागते, बूच ओलं राहावं म्हणून. हिला तशी गरज नाही. मी आडवी ठेवली कारण उभी मावत नव्हती.

पहिली आल्या-आल्या उघडली, २०१८ च्या मार्चमध्ये. (आपल्या राज्यात वाइनच्या घोटालाही परवाना लागतो, १९४९ च्या दारूबंदी कायद्याने. आमचे दोघांचे आजीवन आहेत. ‘आरोग्य राखण्यासाठी’ अशी त्याची भाषा, त्यामुळे पिताना मला औषध घेतल्यासारखं वाटतं.) नवऱ्याने घोट घेतला. ‘‘सरबतात साखर विसरलीस.’’

दुसरी २०२१ मध्ये. लस घेऊन आलो होतो, काहीतरी साजरं करावंसं वाटलं. आणि ती बोललीच नाही. लिंबू गेलेलं, मध आलेला नाही, मधल्या मध्ये नुसतं आंबट पाणी. या वाइनचं असं होतं हे मी नंतर वाचलं. चार-पाच वर्षांची असताना ती मुकी होते. लेक नववी-दहावीत असताना असंच होतं. विचारलं की ‘हं’. खोलीचं दार बंद. तेव्हा मी वाट पाहिली होती, इथे मात्र बाटली उघडून बसले होते. उरलेली तिसऱ्यांच्या कालवणात घातली, कालवण छान झालं.

तिसरीच्या वेळी शहाणपण शिकले होते. २०२४ च्या डिसेंबरपर्यंत हात लावला नाही. चेंदणी कोळीवाड्यातल्या मावशींकडून सोललेली कालवं आणली. एरवी मी त्यात सढळ हाताने मालवणी मसाला घालते, पण तिखट असलं की ही वाइन जिभेवर टिकत नाही. म्हणून नुसता लसूण, हळद, दोन कोकमं, शेवटी ओलं खोबरं. बाटली वीस मिनिटं आधी बाहेर काढून ठेवली, फार गार असली की वास बाहेर येत नाही.

रंग आधी दिसला. लाल वाइन वयाबरोबर फिकी होत जाते, पांढरी गडद; ही आता गवती चहाच्या काढ्यासारखी पिवळी झाली होती. नाक खाली नेलं. लिंबू अजून होतं, पण सालीचं नव्हे, मुरलेल्या फोडीचं. आणि त्याच्या पाठून, अगदी हलकी, बेरी. घोंगडी अजून आलेली नव्हती. तोंडात घेतल्यावर आंबटपणा तसाच ताठ, फक्त त्याच्या कडा कुणीतरी वापरून गुळगुळीत केल्यासारख्या. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो काही बोलला नाही. कालवं संपल्यावर त्याने स्वतःहून ग्लास पुढे केला. तीस वर्षं दूधवाल्याशीही घासाघीस करणाऱ्या माणसाकडून याहून मोठी दाद मला मिळालेली नाही.

‘‘अजून आहे ना एक?’’ त्याने विचारलं.

‘‘आहे. पण घोंगडी आल्याशिवाय नाही.’’

लेकीने फोनवर सांगितलं की आणखी आणते. २९ डिसेंबर २०२२ पासून भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार लागू झालाय, पाच ते पंधरा अमेरिकी डॉलरच्या बाटलीवरचं आयातशुल्क दीडशे टक्क्यांवरून शंभरावर आलं आणि पुढे दरवर्षी उतरणार आहे. उतरो. तरी मला ती दुकानात दिसायची वाट पाहायची नाही, आहे तिची वाट पाहणं पुरेसं आहे.

अडचण वेगळीच आली. इमारत पुनर्विकासाला गेली. तीन वर्षांसाठी घोडबंदर रोडला भाड्याचं घर मिळालं. माळा नाही, पण पॅसेज आहे. सामान नेणाऱ्या मुलांनी जुना फ्रिज टेम्पोत चढवण्याआधी बजावलं, नव्या जागी नेल्यावर चार-पाच तास चालू करू नका, गॅस बसू द्या. म्हणजे एप्रिलच्या दुपारी बाटली बेघर. औषधवाल्याकडून इन्सुलिनची थर्माकोलची पेटी मागून आणली. तळाशी बर्फाच्या पिशव्या, मध्ये पंचात गुंडाळलेली बाटली, बाजूला सासूबाईंची बरणी. नवरा टेम्पोत पुढे गेला. मी पेटी मांडीवर घेऊन रिक्षात बसले.

कापूरबावडीच्या सिग्नलला रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. ‘‘मावशी, एवढं जपून काय नेताय?’’

‘‘लोणचं आहे,’’ मी म्हटलं. अर्धं खरं होतं.

‘‘घरचं?’’

‘‘घरचंच. मुरतंय अजून.’’

सिग्नल सुटला. त्याने गिअर टाकला आणि मान न वळवता म्हणाला, ‘‘मग बरणी घट्ट धरा. पुढे खड्डे आहेत.’’