शेपटीवरची पावती

आबांना इंग्लंडमध्ये, माझ्याकडे साउथॅम्प्टनला येऊन तीन आठवडे झाले होते. दुकानं बघून बघून ते कावले होते, म्हणून दिवाळीआधीच्या रविवारी त्यांना न्यू फॉरेस्ट नावाच्या जवळच्या रानात नेलं. ब्रॉकनहर्स्ट स्टेशनला उतरून गावाबाहेर पडतो तोच रस्त्याच्या मधोमध एक बुटकी तपकिरी घोडी आणि तिचं शिंगरू. मागे चार गाड्या निमूट उभ्या.

"कुणाची गं ही?"

"रानटी आहेत, आबा." सहा वर्षं इथे राहून माझी खरंच तशी समजूत होती.

"मग शेपूट कुणी कातरली?"

बघते तर शेपटीचे केस पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेले. फाटकाशी उभ्या एका आजोबांना विचारलं. इथल्या प्रत्येक तट्टाला मालक असतो, म्हणाले. मालकाला त्याच्या घर-जमिनीबरोबर रानात चराईचा जुना हक्क मिळतो, पण त्यासाठी दरसाल पैसे भरायचे. भरले की रानाचा राखणदार शेपूट कातरतो. कातरण्याची तऱ्हा प्रत्येक राखणदाराची वेगळी, म्हणजे जनावर कुठल्या भागातलं तेही कळतं.

"पावतीच की!" आबा खूश. "आपल्या गायरानाला असं कुणी असतं तर."

इंग्लंडच्या विल्यम राजाने १०७९ च्या सुमारास हे रान स्वतःच्या शिकारीसाठी राखलं, हे मी सांगितलं. आबांना राजात रस नव्हता. त्यांचं लक्ष पुढच्या ओकच्या झाडाखाली, जिथे पाच-सहा डुकरं पाचोळ्यात तोंड खुपसून कडाकडा काहीतरी फोडत होती. ओकची फळं, सुपारीएवढी, डोक्यावर टोपी. हिरवी असताना फार खाल्ली तर घोड्यांना, गुरांना विषासारखी बाधतात. डुकरांना मात्र पचतात, म्हणून शरदात त्यांना मुद्दाम रानात सोडतात. जमीन उकरू नये म्हणून नाकात कडी.

"डुकराला वेसण!" आबा पोट धरून हसले. घरी फोन लावायला निघाले, पण रेंज नव्हती.

नेचे तांबूस झाले होते, बुटात पाणी शिरलं होतं. आडव्या पडलेल्या खोडावर बसून चिवड्याचा डबा उघडला, तर एक पांढरी घोडी थेट मांडीशी. यांना खायला घालायला सक्त मनाई. आबांनी डबा मिटला आणि बैलांना हाकतात तसं "हुर्रर्र, हो मागं!" केलं. ती ढिम्म. गरम श्वास माझ्या मनगटावर, मिशीला गवताची काडी चिकटलेली.

शेवटी आम्हीच उठलो. चिवडा स्टेशनवर खाल्ला.