पानावरचा थेंब

तासगावला मामाच्या द्राक्षबागेत परवा सकाळी फवारणी चालली होती, ब्लोअर पुढं गेला की मी मागनं पानं उलटून बघत होतो. वर मेणाचा थर, थेंब नीट बसतच नाही, आणि द्राक्षाच्या पानाची छिद्रं तर खालच्या बाजूला असतात! मामा म्हणाला, "मग वरनं मारलेलं जातं कुठं रे?" माझं सगळं काम ह्याच प्रश्नावर चाललंय, फवाऱ्याच्या थेंबातले नॅनो कण पानावर जातात कुठं.

नॅनो कण म्हणजे 100 नॅनोमीटरपेक्षा लहान, साध्या मायक्रोस्कोपला साधारण 200 च्या खालचं वेगवेगळं दिसत नाही, म्हणून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, पण त्यात व्हॅक्यूम असतो, त्यामुळं नेहमीच्या पद्धतीत पान आधी सुकवायचं, वर सोन्याचा पातळ थर द्यायचा, म्हणजे जिवंत पान बघायचं राहूनच जातं. मला हे फार सलतं.

म्हणून मग मॉडेल. थेंब किती पसरेल, किती वेळात सुकेल, कण कुठं बसतील हे गणितात मांडायचं. सुकताना पाणी कडेकडं ओढलं जातं आणि कण काठावर गोळा होतात, चहाच्या डागाची कड गडद असते ना, तस्संच. मामाला बशीवरचा डाग दाखवला, तर त्यानं लगेच कालच्या ओळीतलं पान तोडून उन्हात धरलं, पांढरट रिंग स्पष्ट दिसत होती.