नोंद सातवी: हातोडीचा आवाज आणि मिलिमीटरचा हिशेब

मंडळी, मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की आमचं जुनं वाफेचं रेल्वे इंजिन दुरुस्त होऊन पुन्हा वाफेवर येणारच. ते वाक्य आज मागे घेतोय. येणार नाही असं म्हणत नाही, पण गेल्या तीन आठवड्यांत जे समोर आलं, त्यानंतर 'येणारच' म्हणायला जीभ रेटत नाही.

आधी लॅगिंग, म्हणजे बॉयलरवरचं उष्णतारोधक वेष्टण निघालं. जुन्या इंजिनाच्या बॉयलरभोवतीच्या थरात अॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून नमुना तपासून येईपर्यंत कुणालाही हात लावू दिला नाही. सुदैवाने नव्हतं. असतं तर ही नोंद आणखी सहा महिन्यांनी आली असती.

मग बॉयलरवर खडूने चौकोन आखले आणि अल्ट्रासॉनिक यंत्राने एकेका चौकोनात पत्र्याची जाडी घेतली. मूळ पत्रा 12 मिमी. बॅरलच्या, म्हणजे बॉयलरच्या लांब गोल भागाच्या वरच्या अंगाला 11.6, 11.7 असे आकडे, पोटाखाली सर्वांत कमी 10.4. आमच्यातले निवृत्त बॉयलरवाले काका तिथेच जमिनीवर खडूने गणित मांडायला बसले. दाब 10 बार, म्हणजे दर चौरस मिमीला 1 न्यूटन. व्यास 1200 मिमी. सुरक्षेसाठी चारपट ताकद हवी. पोलादाची ताकद दर चौरस मिमीला 400 न्यूटन, आणि रिव्हेटच्या जोडाची ताकद अखंड पत्र्याच्या 80 टक्के. उत्तर आलं, पत्रा किमान 7.5 मिमी हवा. हातात 10.4 आहेत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी वाजवल्या नाहीत. "बॅरल कधीच रडत नाही," एवढंच म्हणाले आणि टॉर्च घेऊन फायरबॉक्सच्या, म्हणजे आग पेटते त्या कप्प्याच्या दारातून आत शिरले.

आत ते तासभर हातोडी मारत होते आणि मी बाहेर वही घेऊन उभा. ज्यांनी हे काम ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. फायरबॉक्सच्या भिंती सपाट असतात. गोल भांडं दाब अंगावर घेऊ शकतं, सपाट पत्रा फुगतो. म्हणून आतली आणि बाहेरची भिंत शेकडो स्टेबोल्टनी एकमेकींना जखडलेली असते आणि दोन्ही भिंतींमधल्या फटीत पाणी. आमच्याकडे दोन स्टेंमधलं अंतर 100 मिमी आहे. म्हणजे एका स्टेच्या वाट्याला 100 गुणिले 100 एवढा पत्रा, आणि 10 बारला त्यावर 10,000 न्यूटन. जवळजवळ एक टन! आपल्या अंगठ्याएवढा एकेक बोल्ट एकेक टन धरून उभा असतो.

धडधाकट स्टे हातोडीला खणखणीत उत्तर देतो. तुटलेला किंवा झिजलेला भद्द वाजतो. काका आतून "तिसरी रांग, सात" असं ओरडायचे आणि मी फुली मारायचो. एकूण चौदा फुल्या, आणि त्यातल्या अकरा खालच्या तीन रांगांत. नंतर बाहेरून जाडी मोजली तर फाउंडेशन रिंगच्या, म्हणजे दोन्ही भिंती तळाशी जोडणाऱ्या कड्याच्या लगेच वर 10 मिमीच्या पत्र्याचे 6.1 उरलेले. पाण्यातला गाळ तिथेच बसतो, आणि इंजिन बंद पडल्यावर कुणी नीट धुऊन कोरडं केलं नसेल तर पुढची कित्येक वर्षं तो ओला गाळ पत्रा खात राहतो.

फुली मारलेला एक स्टे काढून पाहिला. मुळात 22 मिमीचा, मधोमध 16 राहिलेला. व्यासाचा आकडा फार घाबरवत नाही, पण क्षेत्रफळ 380 वरून 201 चौरस मिमीवर आलंय. म्हणजे तोच एक टन आता निम्म्या धातूवर. आणि एक तुटला की त्याचा भार शेजाऱ्यांवर जातो, जे त्याच गाळात त्याच्याइतकीच वर्षं उभे आहेत.

"थोड्या कमी दाबावर चालवू, कुठे आपल्याला मालगाडी ओढायचीय" असं आमच्यातले दोघे म्हणाले. त्यांच्यासाठी 16 जून 1995. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या गार्डनर्सजवळ गेटिसबर्गच्या पर्यटन रेल्वेचं 1278 क्रमांकाचं इंजिन. पाणी क्राउन शीटच्या, म्हणजे फायरबॉक्सच्या छताच्या खाली गेलं, उघडा पडलेला पत्रा तापून मऊ झाला आणि फाटला. इंजिनावरचे तिघे भाजले. बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेकडे, गेज ग्लासकडे जाणाऱ्या वाटा क्षाराने चोंदत आलेल्या होत्या, त्यामुळे काच खरी पातळी दाखवतच नव्हती. मालगाडी नव्हती तीसुद्धा. त्यानंतर तिथले नियम बदलले: 2000 पासून वाफेवर चाललेले 1472 दिवस किंवा 15 वर्षं, जे आधी होईल तेव्हा बॉयलरमधल्या नळ्या (ट्यूब) काढून बॉयलर आतून-बाहेरून तपासायचा. म्हणजे दुरुस्ती एकदा करून भागत नाही. आज चाळिशीत असलेल्याने साठीच्या आत पुन्हा तेच सगळं करायचं, हे गृहीत धरूनच हात घालायचा.

आता दुसरी गोष्ट, जिने माझी झोप जास्त उडवली. पिस्टनचा जोर चाकाला पोचवणाऱ्या कनेक्टिंग रॉडवरचं ग्रीस खरवडलं तर खाली पंचने ठोकलेला नंबर निघाला, आणि तो आमच्या इंजिनाचा नाही! डावा रॉड दुसऱ्याच कुठल्या तरी भावंडाचा आहे. उजवा आपला. 'मूळ भाग जपा, काही बदलू नका' म्हणणाऱ्यांना मी आता काय उत्तर देऊ? त्या काळी वर्कशॉपमध्ये इंजिन आलं की तयार असलेला बॉयलर चढवून ते बाहेर काढायचे आणि उतरवलेला बॉयलर दुरुस्त होऊन पुढच्या इंजिनावर जायचा. ब्रिटनच्या प्रसिद्ध फ्लाइंग स्कॉट्समन इंजिनाने 1923 पासून असे कित्येक बॉयलर वापरले, तरी त्याला कुणी नकली म्हणत नाही. मात्र त्याचंच 2006 मध्ये सुरू झालेलं काम 2016 पर्यंत चाललं, हेही त्याच दमात सांगायला हवं.

उलट बाजूही आहे. 1829 चं मूळ 'रॉकेट', स्टीफन्सन यांचं इंजिन, कुणी पेटवत नाही. वाफेवर धावायला त्याची 1979 मध्ये प्रतिकृती केली. 1938 साली ताशी 126 मैल गाठणारं ब्रिटनचं मॅलार्ड 1988 च्या आसपास थोडं धावलं आणि पुन्हा संग्रहालयात उभं राहिलं. दुसरीकडे आपल्याकडची 1855 ची फेअरी क्वीन 1997 मध्ये पुन्हा रुळांवर आली आणि अमेरिकेतलं 1941 चं बिग बॉय 4014 तर 2019 मध्ये. पण बिग बॉयमागे एक अख्खी रेल्वे कंपनी होती. आमच्यामागे नऊ माणसं आणि एक गळकं शेड.

शिवाय आमच्या जातीची एवढी दोनच इंजिनं उरल्याचं आम्हाला ठाऊक आहे, आणि दुसरं कधीच कापून-जोडून बदललेलं आहे. आमच्या फायरबॉक्सच्या खालच्या भागात नवा पत्रा वेल्ड केला, तर त्या काळी रिव्हेट कसे मारले याचा शेवटचा पुरावा आपणच कापून टाकणार. नवा बॉयलर करून जुना बाजूला जपून ठेवणं मला जास्त पटतं. काकांना अजिबात पटत नाही. "बॉयलर बाजूला ठेवलेलं इंजिन म्हणजे काय?" असं विचारून ते चहाला निघून गेले, आणि खरं सांगतो, मला उत्तर सुचलं नाही.

दाबाच्या हवेवर चाकं फिरवायचा मधला मार्ग काहींनी सुचवलाय. दोन-तीन बारवर इंजिन हळूहळू सरकतं, आग नाही, बॉयलरला ताण नाही. पण वाफेतून सिलिंडरमध्ये जाणारं तेल तिथे नसतं, त्यामुळे वंगणाची वेगळी सोय करावी लागते. आणि तो आवाज! फुसफुस. पेटलेल्या इंजिनाजवळ एकदा उभा राहिलेला माणूस त्यावर समाधान मानेल असं वाटत नाही. मी तर नाहीच मानणार, पण माझ्या समाधानावर मत घ्यायचं नाहीये.

मत घेतलं. पाच जण 'आत्ता नाही', तिघे 'करूया', एक गैरहजर. मी 'आत्ता नाही'त होतो. ठरलं ते एवढंच: खालच्या तीन रांगांतले आणखी बारा स्टे काढायचे, त्यात सहा फुलीवाले आणि सहा खणखणीत वाजलेले. खणखणीतवालेही 18 मिमीच्या खाली निघाले तर फायरबॉक्सच्या दुरुस्तीचा विषय बंद. स्मोकबॉक्समधली, म्हणजे पुढच्या धुराच्या कप्प्यातली राख मात्र कालच पूर्ण उपसली, कारण ओलसर राख आम्ही भांडत बसलो तरी पत्रा खायचं थांबवत नाही.

रविवारी ड्रिल लावतोय. पहिला स्टे खालून तिसऱ्या रांगेतला सातवा.