कागदी रुमालात हरवलेला रिटेनर

आज म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भाजी-पाव खाण्यासाठी मी रिटेनर (सरळ केलेले दात जागेवर धरून ठेवणारा साचा) काढला, कागदी रुमालात गुंडाळून बशीशेजारी ठेवला, आणि टेबल आवरले गेले तेव्हा तो खरकट्याबरोबर निघून गेला. चूक सर्वस्वी माझी. डबी पिशवीतच होती.

दिवसाचे २० ते २२ तास अलाइनर (दात हळूहळू सरकवणारे पारदर्शक साचे) लावून, प्रत्येक संचागणिक जेमतेम पाव मिलिमीटर सरकत सरळ झालेले दात आता पक्के झाले, अशी माझी समजूत होती. डॉक्टरांनी ती फोनवरच मोडली. दात हाडात थेट रुतलेला नसून तंतूंनी बांधलेला असतो, आणि उपचारात ताणले गेलेले हिरडीतील तंतू त्याला दीर्घकाळ जुन्या जागेकडे ओढत राहतात. नवा रिटेनर तयार होईपर्यंत शेवटचा अलाइनर रात्रंदिवस लावण्यास त्यांनी सांगितले. सुदैवाने तो मी टाकला नव्हता (आईने दोनदा सुचवूनही). घरी येऊन लावला, तर खालच्या दातांवर किंचित घट्ट बसला. म्हणजे दात थोडे हलले होतेच. तो गार पाण्यानेच धुतला, कारण यापूर्वीचा एक रिटेनर कढत पाण्यात वाकडा करून ठेवण्याचा पराक्रमही माझ्याच नावावर आहे.