गुरू एक रास मागे

ऑरेरी, म्हणजे मुठीनं फिरवायची सूर्यमाला, दुरुस्तीला आली की उघडण्याआधी मी तिला फिरवून बघते. पृथ्वीच्या ८ फेऱ्यांत शुक्राच्या १३ व्हायला हव्यात. झाल्या. मग गुरू: ८३ वर्षांत ७ फेऱ्या. या यंत्रात मूठ एकदा फिरवली की एक वर्ष, त्यामुळे ही चाचणी बहुतेक जण टाळतात. टाळू नये. खडूनं रेघा मारत मी मोजत गेले. ८३ पूर्ण झाली तेव्हा गुरू मेषेच्या पहिल्या रेघेवर परतायला हवा होता. तो मीनेच्या पहिल्या रेघेवर उभा. पुन्हा मोजलं, पुन्हा तिथेच. बरोबर ३० अंश मागे.

वरची तबकडी काढली. वर्षाच्या आसेवर ७ दात्यांचं पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक असतं, ते गुरूला फिरवणाऱ्या नळीवरचं मोठं चाक ढकलतं. त्या चाकाचे दाते तीनदा मोजले. ८४. भागिले ७, म्हणजे १२. गुरूचा खरा काळ ११.८६ वर्षं. एका दात्यापायी तो दर फेरीला जवळजवळ ५० दिवस उशिरा पोचत होता.

चाक मूळचं नव्हतं. पिनियन आणि नळी यांच्यातलं अंतर सगळ्या ग्रहांना एकच, त्यामुळे एक दाता वाढवायचा तर सगळेच दाते किंचित बारीक कापावे लागतात. मूठ फिरवताना सूक्ष्म खरखर लागत होती ती त्यामुळेच.

८३ हा आकडा सहज आलेला नाही. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सनं १६८२ मध्ये योहानेस फान क्योलेन या घड्याळजीकडून ग्रहयंत्र करून घेतलं, तेव्हा शनीसाठी त्याच्यापुढे ७७७०८४३१ ला २६४०८५८ असं गुणोत्तर होतं. एवढे दाते कोण कापणार? भागाकारात उरलेल्या बाकीनं पुन्हा भागत भागत तो २०६ ला ७ वर पोचला. गुरूसाठी १६६ ला १४ घेतले, म्हणजे ८३ ला ७ च. या रीतीबद्दल मला आजही अतोनात आदर वाटतो.

पण ८३ मूळ संख्या. चाकाचे समान भाग पाडायला जी छिद्रांची तबकडी वापरतात, तिच्यावर ८३ ची ओळ सहसा नसतेच. ८४ मात्र सहज जमतात. आधीच्या कारागिरानं सोपी वाट धरली, असं मी त्याच दुपारी सगळ्यांसमोर बोलले. वरिष्ठांचं म्हणणं, ८४ च राहू दे, बघणाऱ्यांना काय कळणार. हे वाक्य मला सहन होत नाही. बघणाऱ्याला कळत नाही म्हणूनच आपण बरोबर असायला हवं.

मी ८३ कापलं. कागदी पट्टीवर ८३ समान खुणा केल्या, ती लाकडी चकतीवर गुंडाळली, टोकं जुळेपर्यंत चकती केसाकेसानं उतरवली आणि त्या खुणांवर चाक फिरवत दाते पाडले. पहिल्या चाकाचा शेवटचा दाता बारीक आला. ते टाकून दिलं. दुसरं जमलं. पितळ घासताना संध्याकाळ झाली.

जुनं चाक पिशवीत घालण्याआधी पुसलं. मागच्या बाजूला, नळीच्या कडेला, सुईनं कोरलेला आकडा दिसला: ८३. त्यावर एक आडवी रेघ आणि खाली ८४.

म्हणजे त्याला माहीत होतं. साधन नव्हतं, की वेळ दिला नव्हता, की त्यालाही कुणी सांगितलं होतं की चालेल? पुढे जो उघडेल त्याच्यासाठी त्यानं चूक नोंदवून ठेवली होती. मी नवं चाक बसवलं, गुरू आता वेळेवर येतो. जुनं माझ्या मेजावर आहे. त्याच्या दात्यांची टोकं हातानं, एकेक करून गोल केलेली आहेत, माझ्यापेक्षा सुबक. दुपारी जे बोलले ते मागे घ्यायला मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ते चाक दाखवलं. वरिष्ठ म्हणाले, मग तेच परत बसवू या का? मला अजून उत्तर देता आलेलं नाही.