पाटणचा शिलालेख वाचणारे डॉक्टर

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवा, असा शाळेतून निरोप आला. प्रार्थना, छड्या, गॅदरिंग, पटांगणातली चिंच हे सगळं बाकीचे लिहितीलच. मला लिहायचंय ते एका डॉक्टरांविषयी. आमची शाळा निघायच्या कितीतरी आधी ते वारले. तरी त्यांची-माझी गाठ घालून दिली ती चाळीसगावच्या या शाळेनंच.

नववीची सहल पाटणादेवीला गेली होती. चाळीसगावकरांसाठी पाटणादेवी म्हणजे नवस, डब्यातल्या पुऱ्या आणि केदारकुंडाचा धबधबा. आमच्या इतिहासाच्या सरांनी मात्र दर्शन उरकल्यावर आम्हाला तिथल्या, म्हणजे पाटणच्या शिलालेखापुढे नेलं आणि पिशवीतून बॅटरी काढली. समोरून उजेड टाकला तर दगड नुसता काळपट, सपाट. मग त्यांनी बॅटरी दगडाला लावून आडवी धरली. एकेका अक्षराच्या खाचेत सावली बसली आणि ओळीच्या ओळी उठून दिसायला लागल्या. मागून कुणीतरी विचारलं, "सर, हाई काय लिखेल शे?" सर म्हणाले, "ते जगाला सांगायला मुंबईचा एक डॉक्टर यावा लागला."

डॉक्टरचं इथे काय काम, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात बसला.

लेखात आहे ते असं. 'लीलावती' लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचं घराणं त्यात पिढ्यानपिढ्या दिलंय. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालानं इथूनच बोलावून नेलं. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा पुढच्या यादव राजाचा, सिंघणाचा ज्योतिषी. या चांगदेवानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला आणि यादवांचा मांडलिक, निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्या मठाला दान दिलं. तिथी श्रावणी पौर्णिमा, त्या दिवशी चंद्रग्रहण. पुढे अभ्यासकांनी गणित करून तारीख काढली, ९ ऑगस्ट १२०७. ज्याचे ग्रंथ वाचून ग्रहण वर्तवायचं, त्याच्या मठाला दान ग्रहणातच! वर संस्कृत आणि शेवटी चक्क मराठी: बाजारातल्या कुठल्या मालावर मठाला किती द्यायचं, याचा हिशेब. ज्ञानेश्वरीच्याही आधीची ती मराठी, आपल्या तालुक्यातली.

हा लेख उजेडात आणणारे डॉक्टर म्हणजे भाऊ दाजी लाड. खरं नाव रामचंद्र विठ्ठल लाड, गोव्यातल्या पेडण्याकडच्या मांद्र्याचे. लहानपणी बुद्धिबळ इतकं छान खेळायचे, की ते पाहून एका इंग्रज साहेबानं मुलाला इंग्रजी शिकवा म्हणून वडिलांच्या मागे लकडा लावला, असं सांगतात. एल्फिन्स्टनमध्ये शिकले, तिथेच शिकवलं आणि मग नव्यानं निघालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीत डॉक्टर झाले. त्यांचे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर. दोघांनी मिळून गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. मुंबईनं त्यांच्यावर जीव टाकला तो तेवढ्यासाठीच असेल. १८६९ आणि १८७१ असं दोनदा त्यांना शहराचं शेरीफ हे मानाचं पद दिलं. मुलींच्या शाळेला त्यांचं नाव दिलं, तिच्यासाठी मित्रांनी पैसे उभे केले.

मी त्यांच्याच कॉलेजात शिकलो आणि त्वचारोगांकडे वळलो. तिथे कळलं, की भाऊ दाजींनी कुष्ठरोगावर कडू कवठीच्या तेलाचे प्रयोग केले होते. जुन्या वैद्यकग्रंथांतली औषधं नुसती पूज्य मानायची नाहीत आणि हसण्यावारीही न्यायची नाहीत. रोग्याला देऊन बघायची, ही त्यांची रीत. मला वाटतं, माझ्या नववीतल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. कालिदास कधीचा, आर्यभट कधीचा, यावर ऐकीव गोष्टींनी त्यांचं भागत नसे. त्यांना दगडावरचा पुरावा हवा असे. गिरनारच्या खडकावरचा रुद्रदामनाचा लेख घ्या. इसवी सन १५०च्या सुमाराचा. वादळात सुदर्शन तलावाचा बांध फुटला आणि राजानं प्रजेवर जादा कर न बसवता तो स्वतःच्या खजिन्यातून दुरुस्त केला, असं त्यात कोरलंय. तो भाऊ दाजींनी भाषांतरासह छापला. अजिंठ्याचे लेखही छापले.

पण एक सांगायलाच हवं. अनेक लेखांचे ठसे घेणारा, उन्हातान्हात खडकांवर चढणारा माणूस वेगळा होता: जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी. भाऊ दाजींनी त्यांना १८६१च्या सुमारास मुंबईला बोलावून घेतलं आणि पदरच्या पैशानं हिंदुस्थानभर फिरवलं. १८६५ साली शेअरबाजार कोसळला, त्यात डॉक्टरांचंही बरंच बुडालं. तरी पंडितजींच्या फेऱ्या थांबल्या नाहीत. मे १८७४ मध्ये भाऊ दाजी वारले तेव्हा पंडितजी त्यांच्याच कामासाठी नेपाळात होते. राणीच्या बागेतल्या म्युझियमला १९७५ मध्ये डॉक्टरांचं नाव दिलं, ते रास्तच. त्याच्या उभारणीत जॉर्ज बर्डवूड आणि नाना शंकरशेट यांच्याबरोबर ते होतेच. २००८ मध्ये दुरुस्त होऊन उघडल्यावर ती इमारत देखणीही झालीय. तरी लोक कपाटं बघतात, सोनेरी खांबांपुढे फोटो काढतात आणि या माणसानं दवाखाना सांभाळून दगड वाचले हे कुणाच्या गावीही नसतं. जतन म्हटलं की आपल्याला इमारत दिसते. दगड झिजायच्या आत त्यावरचा मजकूर कागदावर उतरवून, अर्थ लावून छापणं हेही जतनच, आणि माझ्या मते जास्त टिकणारं.

भाऊ दाजींचे विखुरलेले लेख १८८८ मध्ये कलकत्त्यात एकत्र छापले गेले. त्याची छायाप्रत बांधून शाळेच्या वाचनालयासाठी पाठवतो आहे. आर्यभटापासून भास्कराचार्यांपर्यंतच्या काळाविषयीचा जो लेख आहे, त्यावर खूण घातली आहे. पाटणचं त्यातच सापडेल. इंग्रजी जुन्या वळणाचं आहे, नववीच्या पोरांना जड जाईल. इतिहास शिकवणाऱ्यांनी मराठी करून सांगावं आणि पुस्तक कुलपात ठेवू नये, एवढी विनंती.